गेटवरची पाटी आणि राजपत्रातले कलम

‘कायदा म्हणजे नेमके काय, असा प्रश्न आपल्याला कधी पडला असल्यास कळवावे’ असे या सदरात गेल्या महिन्यात सुचवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे भाडेकरू, सातबारा आणि पार्किंग यांविषयी निघाली. येथे वकिली सल्ला दिला जात नाही, त्यामुळे ती बाजूला ठेवावी लागली. मात्र त्यांतली दोन-तीन पत्रे भांडणाच्या निमित्ताने का होईना मूळ प्रश्नापर्यंत पोहोचणारी होती, ती घेतली आहेत. विधिशास्त्र हा विषय अनेक वर्षे शिकवल्यामुळे लांबण लावण्याची खोड मला आहे, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

सदाशिव पेठेतील एक निवृत्त वाचक लिहितात : शेजारच्या इमारतीच्या गेटवर पाटी आहे : ‘गेटसमोर गाडी लावू नये. लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल.’ विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेली माझी नात म्हणते, ‘आजोबा, कायदा ही अशीच एक पाटी असते, फक्त हवा सोडणारा माणूस सरकारी असतो.’ मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

उत्तर : आपल्या नातीच्या म्हणण्याला एक प्रतिष्ठित पूर्वज आहे. इंग्लंडमधील जॉन ऑस्टिन याने १८३२ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत कायद्याची जवळजवळ हीच व्याख्या केली : कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, आणि आज्ञा म्हणजे मोडल्यास काही अनिष्ट वाट्याला येईल अशा धाकासह व्यक्त केलेली इच्छा. सार्वभौम कोण, तर ज्याचे म्हणणे समाजातील बहुसंख्य लोक सवयीने ऐकतात आणि जो स्वतः तशा सवयीने दुसऱ्या कोणाचेही ऐकत नाही, तो. या व्याख्येत देवाला, नीतीला आणि परंपरेला प्रवेश नाही, आणि तेच तिचे बळ आहे. कायदा कसा आहे आणि तो कसा असावा, हे दोन प्रश्न ऑस्टिनने, आणि त्याच्याही आधी इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने, एकमेकांपासून सोडवून ठेवले. या विचाराला पुढे लीगल पॉझिटिव्हिझम हे नाव रूढ झाले. त्याचे मराठी प्रतिशब्द मला कोणतेच रुचलेले नाहीत, म्हणून इंग्रजी शब्दच ठेवतो.

आता पाटीकडे येऊ. रात्री वेताळ टेकडीवरून उतरताना कोणी चाकू दाखवून मोबाईल मागितला आणि आपण तो दिला, तर घरी येऊन आपण ‘मोबाईल द्यावा लागला’ असे सांगू. ‘मी त्याला मोबाईल देणे लागत होतो’ असे मात्र कोणी म्हणणार नाही. ‘द्यावा लागणे’ आणि ‘देणे लागणे’ यांत क्रियापद एकच आहे, पण पहिल्यात धाक आहे आणि दुसऱ्यात बंधन. ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ साली ऑस्टिनवर जी टीका केली तिचा गाभा हाच होता, आणि तो समजावण्यासाठी त्यांना दरोडेखोराचे उदाहरण घेऊन बरीच पाने खर्च करावी लागली. मराठी माणसाला त्यासाठी उधारीची वही पुरेशी आहे. वाण्याचे देणे लागत असलेला माणूस, वाणी गावाला गेला आणि वही हरवली तरी, देणे लागतोच. दरोडेखोर पळून गेल्यावर मात्र त्याच्या मागणीचे काहीच शिल्लक राहत नाही.

दुसरी अडचण अशी, की पुष्कळसे कायदे कोणाला काहीच करायला सांगत नाहीत. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एकाच साक्षीदाराची सही घेणाऱ्याला कोणी दंड करत नाही. त्याचे मृत्युपत्र तेवढे उभे राहत नाही. काही जण म्हणतात की ते रद्द होणे हीच शिक्षा. पण कणीक नीट मळली नाही तर पोळी फुगत नाही, आणि त्याला कोणी शिक्षा म्हणत नाही. विवाह, खरेदीखत, करार, मृत्युपत्र यांविषयीचे नियम माणसाला काही गोष्टी करून दाखवण्याचे सामर्थ्य देतात. त्यांना आज्ञेच्या साच्यात कोंबायचे तर साचाच मोडतो.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती समजून घेण्यासाठी आपल्याला पेठेबाहेर फार लांब जावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढे रघुनाथरावांना, या कृत्याला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे रामशास्त्री प्रभुणे यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही गोष्ट प्रत्येक पुणेकराने शाळेत ऐकलेली असते. आपण ती धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण ऑस्टिनच्या व्याख्येत ती बसवून पाहावी. ज्याची आज्ञा म्हणजे कायदा, त्यालाच ‘कायद्याप्रमाणे तू मरणास पात्र आहेस’ असे सांगणे त्या व्याख्येप्रमाणे निरर्थक ठरते, कारण सत्ताधीशाने स्वतःलाच धाक घातला असे काही झालेले नसते. रामशास्त्र्यांच्या हाती फौज नव्हती, तुरुंग नव्हता, आणि दिलेला निर्णय अमलात येणार नाही हे त्यांना नक्कीच दिसत असावे. तरीही त्यांचे वाक्य म्हणजे संताप नव्हता, शापही नव्हता. ते कायद्याविषयीचे विधान होते, आणि ऐकणाऱ्यालाही ते तसेच कळले. बृहदारण्यक उपनिषदात धर्माला ‘क्षत्राचे क्षत्र’, म्हणजे राजसत्तेवरची सत्ता, म्हटले आहे, आणि त्याच्या आधारावर दुर्बळ माणूसही बलवानाशी सामना करू पाहतो, असे लगेच पुढे सांगितले आहे. तेथला ‘धर्म’ आजच्या कायद्यापेक्षा पुष्कळ व्यापक आहे, हे मान्य. पण राजाही ज्याच्या खाली येतो असे काही असते, ही कल्पना ऑस्टिनला जड जाणारी आहे. आजच्या भारतात तर हा सार्वभौम शोधायला निघालेला माणूस दमून परत येईल. संसद म्हणावे, तर २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मताने ठरवले की घटनादुरुस्ती करतानाही संसदेला घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणावे, तर तेही घटनेनेच घडवलेले. मतदार म्हणावेत, तर ज्यांनी आज्ञा द्यायची तेच आज्ञा पाळणारे.

हार्ट यांचे स्वतःचे उत्तर असे, की कोणत्याही प्रगत कायदेव्यवस्थेच्या मुळाशी एक ओळखण्याचा नियम असतो : अमुक ठिकाणाहून, अमुक रीतीने आलेला नियम आमचा कायदा, असे न्यायाधीश आणि अधिकारी आपल्या वागण्यातून मानत असतात. शेजाऱ्यांच्या पाटीला धाक आहे, शुद्धलेखनही बरे असावे. पण रस्त्यावरच्या गाडीबाबत नियम करण्याचा आणि हवा सोडण्याचा अधिकार त्यांना देणारा असा नियम कोठेही नाही. उलट हवा सोडली तर फिर्याद त्यांच्यावरच व्हायची. नातीला एवढे सांगून पाहावे, आणि तिने आणखी वाद घातला तर ती पुढे चांगली वकील होईल असे समजावे.

कोथरूडहून एक वाचक विचारतात : आमच्या गृहनिर्माण सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव केला की भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर नेहमीच्या देखभाल खर्चाइतकेच नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस आणखी घ्यायचे. मी हरकत घेतली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘सभेने बहुमताने केला आहे, म्हणजे आता तो कायदा आहे.’ असे असते का?

उत्तर : ‘आता तो कायदा आहे’ हे वाक्य उच्चारताना अध्यक्षांचा जो स्वर लागतो तो मला परिचयाचा आहे, दोन वर्षे मी स्वतः एका सोसायटीचा सचिव होतो आणि तो स्वर बहुधा मलाही लागत असे.

ऑस्ट्रियात वाढलेले हान्स केल्सन (१८८१–१९७३) यांनी कायद्याची रचना शिडीसारखी मांडली. कोणताही नियम वैध का, तर त्याच्या वरच्या पायरीवरील नियमाने तो करण्याचा अधिकार दिला म्हणून. आपल्या ठरावाला विचारावे, तुला बळ कोठून मिळाले? तो म्हणेल, सोसायटीच्या उपविधींतून. उपविधी म्हणतील, आमची नोंदणी निबंधकाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे केली. अधिनियम म्हणेल, विधिमंडळाला हा विषय घटनेने दिला आहे. यांपैकी एखादी पायरी चुकली की तिच्या खालचे सारे लोंबकळू लागते, मग सभेत हात कितीही वर झालेले असोत. आपल्या ठरावाची पायरी नेमकी येथेच निसटते : राज्य शासनाने याच अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढून या शुल्काला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तो आदेश उचलून धरला. शिवाय सहकारी संस्थांच्या उपविधींना कायद्याचे बळ नसते, ते कंपनीच्या नियमावलीप्रमाणे सभासदांना आपसात बांधणारे असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच सांगितलेले आहे. उपविधींची ही गत, तर ठरावाची काय कथा!

पण या शिडीची गंमत वरच्या टोकाला आहे. घटना वैध का? संविधान सभेने ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली म्हणून. संविधान सभेला अधिकार कोणी दिला? कागदोपत्री उत्तर आहे ब्रिटिश संसदेचा १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा. आणि आपल्या घटनेचा अनुच्छेद ३९५ काय करतो, तर तोच कायदा निरस्त करतो. वर चढून आल्यावर शिडी लाथेने पाडून टाकावी, तसे घटनाकारांनी हे समजून-उमजून केले, म्हणजे आमचा अधिकार लंडनहून आलेला नाही, तो ‘आम्ही भारताचे लोक’ यांच्याकडून आला आहे, असे म्हणता यावे. केल्सन यांच्या मते या टोकाला एक मूळ नियम गृहीतच धरावा लागतो. त्याला आधार मागायचा नसतो. हार्ट म्हणतात, गृहीत कशाला धरायचे, न्यायाधीश आणि अधिकारी रोज तसे वागतात ही डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती आहे आणि तेवढी पुरते. मला स्वतःला हार्ट यांचे उत्तर अधिक सरळ वाटते. आपल्या अध्यक्षांना मात्र केल्सनच दाखवावेत.

हडपसरहून एक तरुण वाचक : पुण्यात हेल्मेटसक्तीचा कायदा आहे, पण निम्मे लोक हेल्मेट कोपराला अडकवून फिरतात. जो कोणी पाळत नाही तो कायदा मेलेला नाही का?

उत्तर : पुण्यात हेल्मेटचा स्वतंत्र कायदा नाही; मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२९ साऱ्या देशाला लागू आहे. त्याविरुद्ध मोर्चे काढण्याचा उत्साह तेवढा खास आपला. वैधता आणि परिणामकारकता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संपूर्ण कायदेव्यवस्थाच कोणी पाळेनासे झाले तर ती कोसळते, पण ढोबळमानाने चालणाऱ्या व्यवस्थेतले एखादे कलम लोकांनी मनावर घेतले नाही म्हणून ते आपोआप जात नाही. याला अपवाद म्हणावा असे तत्त्व आहे, आणि योगायोग असा की सर्वोच्च न्यायालयाने ते आपल्याकडे लागू होऊ शकते असे १९९५ साली म्हटले ते पुणे महानगरपालिका विरुद्ध भारत फोर्ज या खटल्यात : कायदा फार दीर्घकाळ वापरात नसला पाहिजे, आणि त्याच्या उलट प्रथा काही काळ चालत आलेली असली पाहिजे, तर तो वापराअभावी लोपला असे म्हणता येईल. हेल्मेटच्या पावत्या रोज फाटत असताना हा बचाव कोणी करू नये.

आपल्या प्रश्नातले खरे रोचक पात्र वेगळेच आहे. चौकात लाल दिवा लागल्यावर ‘मामा आहेत का?’ एवढेच पाहणारा जो दुचाकीस्वार असतो, त्याच्या डोळ्यांनी कायद्याकडे पाहा, असे अमेरिकेचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८९७ च्या एका व्याख्यानात सुचवले होते. त्यांच्या ‘वाईट माणसा’ला नीतीशी देणेघेणे नसते, कोर्ट आपले काय करील एवढाच अंदाज हवा असतो, आणि होम्स यांच्या मते कायदा म्हणजे तो अंदाजच. वकिलाकडे येणाऱ्या पक्षकाराचे हे वर्णन मोठे खरे आहे. परंतु रात्री साडेबारा वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, लाल दिव्याला थांबणारेही काही लोक असतात. मी पाहिले आहेत. त्यांच्या लेखी लाल दिवा हा अंदाज नसतो, थांबण्याचे कारण असते. आणि खुद्द न्यायाधीशाने ‘कोर्ट काय करील’ याचा अंदाज कोणाला विचारायचा?

सातारा रस्त्यावरून एक वाचिका : ‘कायदा’ हा शब्द मूळचा मराठी आहे का?

उत्तर : नाही, तो अरबीतून फारसीच्या वाटेने आला. अरबीत त्याचा अर्थ पाया, बैठक आणि त्यावरून नियम. ‘हक्क’ हाही तिकडचाच. आपला जुना शब्द ‘व्यवहार’. धर्मशास्त्रात कोर्टकज्जांच्या प्रकरणाला हेच नाव आहे. त्या साऱ्या वाङ्मयाचा पट पाहायचा असेल तर भारतरत्न पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा पंचखंडी इतिहास येथील भांडारकर संस्थेनेच प्रसिद्ध केलेला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतले एक वचन तेवढे सांगतो : दोन स्मृतिवचनांत विरोध आला, तर व्यवहाराला धरून असणारा न्याय, म्हणजे युक्तिवाद, बलवान समजावा. खालच्या शेवटच्या प्रश्नात ते उपयोगी पडेल.

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी : ‘अन्यायकारक कायदा हा कायदाच नव्हे’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले, तर सरांनी ‘भावनिक’ असा शेरा मारून गुण कापले. माझे चुकले का?

उत्तर : गुणांविषयी मी बोलणार नाही; शेरा मात्र अन्यायकारक आहे, आणि तरीही तो शेराच आहे. या वाक्यात आपल्या प्रश्नाची अडचण सगळी आली.

आपले वाक्य संत ऑगस्टीन यांच्यापर्यंत मागे जाते आणि तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी त्याचा विस्तार केला. माणसाने केलेल्या कायद्याच्या वर विवेकाला कळणारा एक नैसर्गिक कायदा आहे, ही ती भूमिका. आपल्याकडे तिचा सर्वांत स्पष्ट उच्चार मुंबईच्या हायकोर्टात २२ जुलै १९०८ रोजी झाला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी लोकमान्यांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरवले, आणि न्या. दावर यांनी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावर लोकमान्य म्हणाले की ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, आणि या जगाचे नियमन करणाऱ्या अधिक श्रेष्ठ शक्ती आहेत. आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी : कलम १२४-अ हा कायदाच नाही, असे ते म्हणाले नाहीत. त्या कलमाखाली दिलेली सहा वर्षांची शिक्षा त्यांनी मंडालेत भोगली. कायदा आहे हे मान्य, तो अंतिम आहे हे अमान्य, अशी ती भूमिका आहे, आणि मला ती आपल्या वाक्यापेक्षा अधिक टणक वाटते.

आपल्या वाक्याला सर्वांत गंभीर पाठिंबा जर्मनीतून मिळाला. गुस्ताव राडब्रुख हे हिटलरपूर्व काळातले न्यायमंत्री आणि कायद्याचे तत्त्वज्ञ. नाझी राजवट पाहिल्यानंतर त्यांनी १९४६ साली लिहिले की सर्वसाधारणपणे कायदा सदोष असला तरी तो पाळावा, कारण निश्चिततेलाही मोल आहे; परंतु कायदा आणि न्याय यांतले अंतर असह्य झाले तर कायद्याने मागे सरावे, आणि जेथे समतेचा मुद्दाम विश्वासघात केला आहे तेथे त्या नियमाला कायदा हे नावच शोभत नाही. प्रश्न पुस्तकी नव्हता. नवऱ्याचा काटा काढण्यासाठी, त्याने हिटलरविरुद्ध काढलेले उद्गार सरकारला कळवणारी एक बाई युद्धानंतर कोर्टापुढे उभी होती आणि तिचा बचाव होता, ‘मी तेव्हाच्या कायद्याप्रमाणेच वागले.’ हार्ट यांनी १९५८ साली यावर म्हटले की तिला शिक्षा द्यायची असेल तर उघडपणे पूर्वलक्षी कायदा करून द्या. तेव्हाचा कायदा कायदाच नव्हता असे म्हणून आपण दोन वाईट गोष्टींतून निवड करत आहोत हे लपवू नका. त्यांना लगेच उत्तर दिले अमेरिकन प्राध्यापक लॉन फुलर यांनी. फुलर यांचे म्हणणे असे, की नियम जाहीर करावेत, ते समजतील असे असावेत, परस्परविरोधी नसावेत, पाळता येण्याजोगे असावेत, मागल्या तारखेचे नसावेत आणि अधिकाऱ्यांनी स्वतः त्यांप्रमाणे वागावे, ही कायद्याची अंगभूत नीती आहे; ती सर्वस्वी सुटली की उरतो तो कायदा नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्ला खटल्यात १९५१ साली जयपूर संस्थानचा १९२३ चा अफूविषयक कायदा कधी प्रसिद्धच केला नव्हता म्हणून कायदा मानायला नकार दिला, तो याच जातीचा विचार.

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ, कारण जर्मनीचे दाखले देऊन सुटणे सोपे आहे. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात शेकडो माणसे खटल्याशिवाय अडकलेली असताना प्रश्न आला की अनुच्छेद २१ च्या अंमलबजावणीसाठी कोर्टात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित केलेला असेल, तर बेकायदा स्थानबद्धाला हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे ‘मला कोर्टापुढे हजर करून अटकेची वैधता तपासा’ असा, अर्ज करता येतो का. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने ‘नाही’ असे सांगितले. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले आणि येथील आयएलएस विधी महाविद्यालयात शिकलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड होते; तो निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मोडीत काढला तेव्हा मुख्य निकालपत्र त्यांच्या मुलाचे, न्या. धनंजय चंद्रचूड यांचे, होते. विरुद्ध मत देणारे एकटे न्या. हंसराज खन्ना. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यांना दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

वर्गात हा निकाल ‘पॉझिटिव्हिझमचा पराभव’ म्हणून शिकवला जातो, आणि मीही काही वर्षे तसाच शिकवला. मग एकदा खन्नांचे मत सलग वाचायला घेतले. आपण उत्तरपत्रिकेत लिहिलेले वाक्य त्यांनी कोठेही वापरलेले नाही. आणीबाणीचे आदेश अन्यायकारक आहेत म्हणून ते कायदाच नव्हेत, अशी सोपी उडी त्यांनी मारली नाही. जीवित आणि स्वातंत्र्य ही काही घटनेने दिलेली बक्षिसे नाहीत; अनुच्छेद २१ नसता तरी कायद्याच्या आधाराशिवाय ते हिरावून घेण्याचा अधिकार कायद्याच्या राज्यात सरकारला नसता, अशी त्यांची मांडणी कायद्याच्या आतून आहे. म्हणजे बहुमताचे चुकले ते त्यांनी कायदा आणि नीती यांत फरक केला म्हणून नव्हे. त्यांनी कायदाच चुकीचा वाचला, आणि वर ‘आमचा नाइलाज आहे’ असे म्हटले. ‘हा कायदा आहे का’ आणि ‘हा मी पाळावा का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवणाऱ्या माणसाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः द्यावे लागते, त्याला पहिल्याच्या आड लपता येत नाही. आपल्या वाक्याबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, की ते दोन्ही प्रश्नांना एकाच फटक्यात गप्प करते. पुढच्या वेळी लोकमान्य, राडब्रुख आणि खन्ना यांतला फरक दाखवून लिहा. मग शेरा मारणाऱ्यालाही बसून वाचावे लागेल.

एरंडवण्यातील एक वाचिका : आमच्या दारावर ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ अशी पाटी आहे. परवा कुरिअरवाल्याने बेल न वाजवता कडी वाजवली आणि वर म्हणाला, ‘कडीचे पाटीवर काही नाही.’ न्यायाधीशही असेच शब्दांवर जातात, की त्यांना हवा तसा कायदा करतात?

उत्तर : कुरिअरवाल्याचे कायद्याचे शिक्षण झाले नसल्यास ते व्हायला हवे.

हार्ट यांचे म्हणणे असे की प्रत्येक शब्दाला एक ठाम गाभा असतो आणि भोवती धूसर कडा. भर दोन वाजता बेल दाबणे गाभ्यात येते. कडी वाजवणे, खालून हाक मारणे, फोनची रिंग देणे हे कडेला आहे. त्या कडेवर नियम संपतो आणि न्यायाधीशाला निवड करावी लागते, मर्यादित अर्थाने कायदा करावा लागतो. हे अमेरिकन विधितत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांना मान्य नव्हते. त्यांनी १९६७ साली पुढे केलेला खटला न्यूयॉर्कचा, १८८९ सालचा. आजोबांनी मृत्युपत्रात बरीचशी मालमत्ता नातवाला ठेवली होती. ते मृत्युपत्र बदलतील या भीतीने नातवाने त्यांना विष घातले. मृत्युपत्राच्या कायद्यात खुनी वारसाबद्दल एक अक्षर नव्हते आणि कागद सर्व दृष्टींनी वैध होता. तरीही बहुमताने नातवाला काही मिळू दिले नाही : आपल्याच दुष्कृत्याचा लाभ कोणाला घेता येणार नाही. ड्वॉर्किन म्हणतात, हे तत्त्व कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेले नव्हते, तरी ते कायद्याचाच भाग होते, आणि न्यायाधीश त्याने बांधलेले होते. त्यांनी आपल्या मर्जीने काही घडवले नाही.

मुंबई इलाख्यातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेलेल्या केंचवा विरुद्ध गिरिमल्लप्पा या खटल्यात १९२४ साली हेच झाले. खुनी वारस जणू अस्तित्वातच नाही असे समजावे, असे न्याय, समन्याय आणि सदसद्विवेक या आधारावर ठरले. पुढे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २५ ने ते लिहूनच टाकले. म्हणजे १९२४ मध्ये जे तत्त्व होते ते १९५६ मध्ये नियम झाले. वर मी हार्ट यांच्या बाजूने बरेच बोललो आहे, पण या ठिकाणी माझी गाडी अडते. न्यायाधीशांनी १९२४ मध्ये नवा कायदा केला असे म्हणावे, तर त्या खुन्याला तोपर्यंत वारसाहक्क होता आणि तो त्यांनी मागाहून हिरावून घेतला असे म्हणावे लागते, आणि तसे म्हणायला जीभ रेटत नाही. याज्ञवल्क्याचे वर दिलेले वचन मला अशा वेळी आठवते. शब्द थकतात तेथे युक्तिवाद थकत नाही, असे त्याला वाटत असावे.

आपल्या पाटीचा हेतू झोपमोड होऊ नये हा आहे, आणि कडीचा आवाज बेलपेक्षा मोठा होतो, तेव्हा कडी पाटीच्या आत येते असा माझा निवाडा आहे. मात्र त्याच वेळी स्वयंपाकघरातून गॅसचा वास येऊ लागला आणि शेजाऱ्यांनी बेलच दाबली, तर पाटीतल्या शब्दांचा गाभा मोडूनही त्यांनी पाटी मोडली नाही, असे आपणही म्हणाल. ‘कडीही वाजवू नये’ अशी ओळ वाढवण्याचा आपला विचार असल्यास जागा बेताने वापरावी. खालून हाका मारणारे अजून यायचे आहेत.